आंग्रा दु इरोईज्मु (तेर्सेइरा बेट, अझोरेस) : गोव्याहून परतणाऱ्या जहाजांचं बंदर

खारावारा

अझोरेसला (अटलांटिक महासागरातली पोर्तुगालची बेटं) जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. साओ मिगेल बेट, तिथली तळी, गरम पाण्याची कुंडं, देवमासे, आणि रजा उरलीच तर तेर्सेइराला एक चक्कर. त्या चकरेतही गुहा, कुरणं नि गायी यांचा मान आधी. आंग्रा शहराच्या वाट्याला दुपारचं जेवण आणि बंदरावरचा एखादा फोटो. बेटाच्या निसर्गाला नावं ठेवायचं कारण नाही, पण मला हा क्रम उलटा वाटतो. हिरवी कुरणं सगळ्याच बेटांवर आहेत. आंग्रा मात्र एकच आहे, आणि ते तिथे का आहे याचं उत्तर थेट मांडवीच्या काठापर्यंत येऊन पोचतं.

नकाशावर गोव्याहून लिस्बनपर्यंत बोट फिरवा. आफ्रिकेला वळसा घालून तुम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानेच वर जाल. अझोरेस वाटेत येणारच नाही, ती बेटं लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. पण शिडाच्या जहाजाला वाऱ्याचं ऐकावं लागतं. केप ऑफ गुड होप ओलांडलं की आग्नेय व्यापारी वारे जहाजाला वायव्येकडे विषुववृत्तापर्यंत छान ढकलत नेतात. त्यापुढे ईशान्येचे वारे नाकासमोरून येतात, म्हणजे पोर्तुगालची सरळ वाट बंद. मग वारा तिरपा घेत भर समुद्रात वर-वर सरकायचं आणि पश्चिमेचे वारे लागले की त्यांच्या पाठबळावर घराकडे वळायचं. हे वारे भेटतात तिथेच, साधारण ३७ ते ४० अंश उत्तरेला, ही नऊ बेटं आहेत. त्यात तेर्सेइराच्या दक्षिण किनाऱ्यावर मोंते ब्राझिल नावाचा विझलेला ज्वालामुखी समुद्रात घुसलाय आणि त्याच्या आडोशाला खोल पाण्याची खाडी आहे. झालं बंदर.

सहा-सहा महिने समुद्रावर काढून आलेल्या जहाजांची अवस्था काय असेल बघा. पाणी संपत आलेलं, खलाशी स्कर्व्हीने हिरड्या धरून बसलेले, पोटात मिरी-दालचिनी-कापड ठासून भरलेलं, आणि हे सगळं ठाऊक असलेले फ्रेंच-इंग्रज लुटारू याच पट्ट्यात टपलेले. म्हणून पोर्तुगालच्या राजाने १५२७ मध्ये आंग्रात खास अधिकारी नेमला. येणाऱ्या आरमाराला पाणी, मांस, भाजीपाला पुरवायचा, दुरुस्ती करून द्यायची, सोबतीला लढाऊ जहाजं पाठवायची, हे त्याचं काम. पहिला माणूस पेरु आनिश दु कांतु. हे पद पुढे त्याच्याच घराण्यात राहिलं. १५३४ मध्ये आंग्राला शहराचा दर्जा मिळाला, अझोरेसमध्ये सगळ्यात आधी. वाफेची जहाजं आल्यावर वाऱ्याची गरज संपली आणि आंग्राचीही.

शहर पायी बघायचं, तेही वरून खाली. ओतेइरु टेकडीवर पिवळा ओबेलिस्क आहे, तिथून सुरुवात करा. एका नजरेत खाडी, मोंते ब्राझिल आणि कौलारू छपरांचा चौकटीचा आराखडा दिसतो. सोळाव्या शतकात गल्ल्या आखताना इथल्या वाऱ्याची दिशासुद्धा विचारात घेतली होती. तिथून पायऱ्या-पायऱ्यांनी बाग उतरली की तुम्ही प्रासा व्हेल्या या जुन्या चौकात येता. चौकातून खाली बंदराकडे जाते ती रुआ दिरैता. बंदरावरून उतरलेला माल नि माणसं याच रस्त्याने वर यायची. खाली निळं-पांढरं मिझेरिकॉर्दिया चर्च आणि जुन्या जकातीचं आवार. रस्त्यांवर काळ्या बसाल्टचे नि पांढऱ्या चुनखडीचे तुकडे बसवून नक्षी केलेली आहे, घरांच्या खिडक्यांच्या चौकटी पिवळ्या-हिरव्या-गेरू रंगाच्या. यातलं बरंचसं १९८० नंतर पुन्हा उभं केलेलं आहे, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. १ जानेवारी १९८० ला दुपारी मोठा भूकंप झाला आणि शहरातली बहुसंख्य घरं पडली किंवा तडकली. पाडून सिमेंटचं नवं शहर बांधणं स्वस्तात झालं असतं. त्यांनी जुन्याच आराखड्यावर, जुन्याच उंचीची घरं परत बांधली आणि १९८३ मध्ये युनेस्कोने शहराचा मध्यभाग जागतिक वारशात घेतला. (त्याच वर्षी डागडुजी चालू असलेल्या कॅथेड्रलला आग लागली. नशीब म्हणतात ते असं.)

साओ फ्रान्सिस्कुचा मठ चुकवू नका. आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. वास्को द गामाचा भाऊ पाउलू इथे पुरलेला आहे. १४९९ मध्ये भारताहून परतताना तो इतका आजारी पडला, की वास्कोने केप व्हर्डेला आपलं जहाज दुसऱ्याकडे सोपवलं, एक वेगवान कॅराव्हेल (छोटं शिडाचं जहाज) घेतलं आणि भावाला घेऊन तेर्सेइरा गाठलं. पाउलू इथे पोचला आणि लगेचच गेला. तोवर मोहीम यशस्वी झाल्याची बातमी त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजाचा कप्तान निकोलाउ कोएल्यु याने लिस्बनला पोचवलीसुद्धा होती. मठाची आजची इमारत नंतरची आहे, पण जागा तीच.

जाणं-येणं : भारतातून लिस्बन, तिथून अडीच तासांच्या आसपास विमान. पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा चालतो, वेगळं काही नाही. विमानतळ लाझेसला, शहरापासून साधारण २० किलोमीटर. घड्याळ लिस्बनच्या एक तास मागे. बाकी विचारा, माहीत असेल ते सांगतो.

मीनल_ठाणे

मस्त लिहिलंय. वाऱ्यांचं पहिल्यांदाच नीट कळलं, शाळेत नुसते बाण काढले होते. एक व्यावहारिक शंका : आम्ही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. निभाव लागेल का?

खारावारा

मीनलताई, लागेल, पण हॉटेलच्या भरवशावर राहू नका. बेटाचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे आल्कात्रा, मातीच्या भांड्यात वाइन घालून तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. सूप मागवलंत तर त्यात सॉसेजचा तुकडा असू शकतो, म्हणून आधीच सांगायचं : सेम कार्ने, सेम पेइश, सेम ओव्हुश. मांस, मासे, अंडी नको. दुकानातून चीज, पाव, केळी, अननस घ्या. आणि बाजारात इन्यामी नावाचा कंद दिसेल. तो आपला अळूचाच कांदा, फक्त आकाराने दांडगा. उकडून मीठ-तिखट लावलं की सासूबाई खूश. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, सोबत गोडा मसाला ठेवा.

चष्मेबहाद्दर

लेखनशैली उत्तम, पण आशयाबद्दल थोडी नाराजी नोंदवतो. पाउलूचं आजारपण, भावाची माया वगैरे वाचून डोळे पाणावावेत अशी अपेक्षा दिसते. याच वास्कोने दुसऱ्या फेरीत, १५०२ साली, मलबारच्या किनाऱ्यापाशी मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. त्याचा पुतळा आंग्राच्या बंदरावर उभा आहे असं ऐकतो. आपण पैसे खर्चून तिथे जायचं नि पुतळ्यासोबत फोटो काढायचे?

खारावारा

काका, पुतळा आहे, जकातीच्या आवारातच आहे. फोटो काढायची सक्ती नाही. डोळे पाणावायची अपेक्षा नव्हती. त्या मोहिमेची किंमत त्यांच्याही घरात कशी वसूल झाली, एवढंच दाखवायचं होतं. यात्रेकरूंच्या त्या 'मिरी' नावाच्या जहाजाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे.

पण हे शहर म्हणजे फक्त साम्राज्याचं विश्रामगृह नव्हतं, तुरुंगही होता. मोंते ब्राझिलच्या पायथ्याला साओ जुआओ बाप्तिस्ताचा अवाढव्य किल्ला आहे. तो मुळात स्पेनच्या फिलिप दुसऱ्याने बांधायला घेतला. १५८० मध्ये पोर्तुगालचं राज्य त्याच्याकडे गेलं तेव्हा तेर्सेइराने त्याला जुमानलं नव्हतं. १५८१ मध्ये साल्गाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश सैन्य उतरलं तर बेटावरच्यांनी त्यांच्या अंगावर गुरांचे कळप सोडले आणि त्यांना समुद्रात रेटलं. १५८३ मध्ये मोठं आरमार आणून बेट घ्यावं लागलं. किल्ला त्यानंतरचा आणि त्याच्या तोफा समुद्राइतक्याच शहरावरही रोखलेल्या.

याच किल्ल्यात गुंगुन्याना आणला गेला. मोझांबिकमधल्या गाझा राज्याचा शेवटचा सम्राट. १८९५ च्या शेवटी पोर्तुगिजांनी त्याला पकडलं, १८९६ मध्ये लिस्बनमधून मिरवत इथे पाठवलं, इथेच बाप्तिस्मा दिला, इथेच तो १९०६ मध्ये वारला. त्याचे अवशेष १९८५ मध्ये मोझांबिकला परत गेले. पुतळ्याकडे पाठ फिरवून किल्ल्याकडे चालत गेलात तर तुमचा मुद्दा तुम्हाला तिथे दगडात सापडेल.

अजून एक कैदी मुंबईकरांसाठी. पोर्तुगालचा राजा आफोन्सो सहावा. भावाने त्याला गादीवरून बाजूला सारलं आणि १६६९ ते १६७४ या किल्ल्यात ठेवलं. मुंबई बेट हुंड्यात इंग्रजांना देण्याचा करार झाला तेव्हा गादीवर हाच होता, कारभार आईच्या हातात. त्या लग्नातली नवरी, ब्रागांझाची कॅथरिन, त्याची बहीण.

चष्मेबहाद्दर

हे मूळ धाग्यात हवं होतं. किल्ला बघता येतो का?

खारावारा

येतो. आत अजूनही सैन्य आहे, त्यामुळे ठरलेल्या वेळांना माणूस बरोबर येऊन फिरवतो. दारावर विचारायचं. मोंते ब्राझिलचा डोंगर मात्र खुला आहे, वर चालत जा. हरणं आहेत, जुन्या विमानविरोधी तोफा आहेत, आणि देवमासे हेरायला बांधलेली चौकी आहे.

वसईची_वेस

वाचून गंमत वाटली. आंग्राला शहर केलं १५३४ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात पोप पॉल तिसऱ्याच्या फर्मानाने आंग्राचा धर्मप्रांत झाला आणि गोव्याचाही. आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहात आमची वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. लिस्बनमध्ये कारकुनांना त्या वर्षी दिवाळीची सुट्टी मिळाली नसणार. आमच्या किल्ल्यातली पडकी चर्चेस बघून नेहमी वाटतं, छप्पर असतं तर कशी दिसली असती? आंग्राचे फोटो बघून थोडा अंदाज येतो. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला त्याचा आनंद आहेच, गैरसमज नको.

मांडवीतीर

गोंयकार आहे, मराठी सांभाळून घ्या. लेखात एक नाव यायला हवं होतं, यान ह्युखेन फान लिन्सखोतेन. डच माणूस. १५८३ ते १५८८ आमच्या गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. डोळे उघडे ठेवून सगळं टिपून ठेवलं. बाजार, लिलाव, पालख्या, फळं, रोगराई. आर्चबिशप वारल्याची बातमी आली तेव्हा घरी जायला निघाला आणि १५८९ मध्ये तेर्सेइराला पोचला. तिथे मलाक्काहून आलेलं जहाज आंग्राच्या खाडीतच वादळात फुटलं. त्यातला माल सोडवायला थांबला तो दोन वर्षांहून जास्त अडकला. १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं, त्यात गोव्याच्या रुआ दिरैतावरच्या बाजाराचंही चित्र आहे आणि आंग्रा शहराचंही. दोन्ही एकाच माणसाने बघितलेली शहरं. आमची रुआ दिरैता आता झाडीत गेली. जुन्या गोव्यात चर्चेस राहिली, शहर गेलं. आंग्रात शहर राहिलं.

खारावारा

बाब, तुम्ही धागा वरच्या मजल्यावर नेलात. लिन्सखोतेनचं ते आंग्राचं चित्र फोनमध्ये घेऊन ओतेइरुवर उभं राहिलं की आजही रस्ते जुळवता येतात. आणि त्याच्या पुस्तकाने पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पोर्तुगिजांनी जपून ठेवलेल्या समुद्रवाटा त्यात छापल्या गेल्या आणि डच-इंग्रज जहाजं त्याच वाटांनी पूर्वेकडे निघाली. आंग्रात अडकलेल्या माणसाला टिपणं काढायला निवांत वेळ मिळाला, हे पोर्तुगिजांना चांगलंच महागात पडलं.

पाणडुबी

पोर्तुगालमध्ये राहते, स्कूबा करते. आंग्राची खाडी म्हणजे बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे, अक्षरशः. खाडी इतर वाऱ्यांपासून सुरक्षित, पण आग्नेयेकडून वारा सुटला की तोंड उघडं पडतं. त्या वाऱ्याला तिथले लोक 'सुतार वारा' म्हणत, कारण जहाजं किनाऱ्यावर आपटून सुतारांना लाकूड मिळायचं. वारा फिरताना दिसला की नांगर ओढायला वेळ नसायचा. दोर तोडायचे आणि पळायचं. ते नांगर अजून तळाशी पडलेत, वेगवेगळ्या शतकांचे, एकाच उतारावर. त्याला नांगरांची दफनभूमीच म्हणतात. शिवाय १८७८ मध्ये बुडालेल्या लिदादोर नावाच्या आगबोटीचं लोखंडी हाड आहे, ते फार खोल नाही, नवशिक्यांनाही जमतं. सगळा भाग संरक्षित आहे, हात लावायचा नाही. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात बरं असतं, तरी जाड सूट लागतोच. गोव्याच्या पाण्याची सवय असेल तर पहिल्या मिनिटाला आई आठवते.

उनाड_पक्या

सॉरी, पण मी असहमत. आम्ही गेलो तेव्हा धुकं नि पाऊस, संग्रहालय सोमवारमुळे बंद, दुकानं दुपारी बंद. दोन तासांत शहर संपलं. कॅथेड्रल बाहेरून बरं आहे. आल्गार दु कार्वाओ मात्र जबरदस्त, ज्वालामुखीच्या नळीत खाली उतरायचं, तळाला पाणी, वर आकाशाचा हिरवा गोल. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच बघावं.

खारावारा

पक्याभाऊ, गुहा भारीच आहे, वाद नाही. पण ती बहुधा दुपारनंतरच उघडते, म्हणजे सकाळ आंग्राला देता येते. संग्रहालयासाठी सोमवार टाळायचा. आणि तिथे पाऊस हा काही तुमच्या सहलीवरचा आघात नव्हे. दिवसात तीनदा येतो, तीनदा जातो. तेवढ्यात प्रासा व्हेल्याजवळ कुठल्याही बेकरीत शिरायचं आणि दोना आमेलिया मागायचा. मक्याचं पीठ, काकवी, दालचिनी, जायफळ, बेदाणे घातलेला छोटा केक, वर पिठीसाखर. १९०१ मध्ये राणी आमेलिया आली तेव्हा तिचं नाव दिलं. त्याआधी याला 'इंडीजचे केक' म्हणत. एवढा मसाला या बेटावर कुठून आला हे वेगळं सांगायला नको. (मीनलताई, यात अंडी आहेत.)

मांडवीतीर

आणि मांस लसूण-वाइनच्या खारात मुरवून ठेवायची त्यांची पद्धत, तीच आमच्या विंदालूची आजी. आमच्याकडे व्हिनेगर माडाच्या ताडीचं, मिरच्या भरपूर. त्यांचं मला फिकं लागलं.

सुनेत्रा_कोथरूड

दोरीच्या बैलांबद्दल कोणीच लिहिलं नाही? जूनमध्ये जायचा विचार आहे, पण क्रूर प्रकार असेल तर तो दिवस टाळू.

पाणडुबी

सुनेत्राताई, १ मे ते १५ ऑक्टोबर हंगाम असतो आणि गावोगावी चालतं, टाळायचं म्हटलं तरी एखादा रस्ता बंद मिळेलच. बैलाच्या गळ्यात लांब दोरी, ती धरायला पांढरा सदरा-काळी टोपी घातलेली माणसं. दारूसामानाचा बार झाला की बैल सुटतो, दुसरा बार झाला की आत जातो. मारत नाहीत, रक्त काढत नाहीत, बैल पुन्हा गवतात जाऊन चरतो. तरी जनावराला भर रस्त्यात डिवचणं मला स्वतःला रुचत नाही. मी गच्चीतून एकदा बघितलं, परत गेले नाही. आमच्या शेजारणीला मात्र शंकरपट आठवून भरून आलं. बघायचंच तर भिंतीच्या मागे उभं राहा. रस्त्यावर पांढरी रेघ मारलेली असते, दोरी तिथपर्यंत पोचते. रेघेच्या आत 'मला काय होतंय' म्हणून कोणी सेल्फी काढायला जाऊ नये.

जूनच्या शेवटी आंग्रात सांजुआनिनाश हा मोठा उत्सव असतो, राहायची सोय खूप आधी करा. आणि गावोगावी लहान, भडक रंगांची देवघरांसारखी घरं दिसतील, ती इम्पेरियुश, पवित्र आत्म्याच्या उत्सवाची. एकट्या तेर्सेइरावर सत्तरच्या आसपास आहेत. गावातल्या साध्या माणसाला किंवा लहान मुलाला त्या दिवशी मुकुट घालतात, मग सगळ्यांना पाव आणि जेवण. मला बैलापेक्षा हे आवडलं.

मीनल_ठाणे

शेवटचा प्रश्न. सासरे ७४ चे आहेत, गुडघे यथातथा. वरून खाली पायऱ्या उतरणं जमेल का? गाडी घ्यावी का?

खारावारा

गाडी बेटासाठी घ्या, शहरात ती लावायला जागा शोधण्यातच वेळ जाईल. सासऱ्यांना टॅक्सीने ओतेइरुवर सोडा, नजारा बघून त्याच टॅक्सीने प्रासा व्हेल्याला आणा. तिथून कॅथेड्रलपर्यंतचा रुआ दा से हा रस्ता सौम्य चढाचा आहे, बसायला जागोजागी बाक आहेत. रुआ दिरैताचा उतार छोटा आहे, पण पावसात तो दगड गुळगुळीत होतो, रबरी तळाचे बूट लागतील. आल्गार दु कार्वाओमध्ये पायऱ्या भरपूर आणि ओल्या, तिथे त्यांना नेऊ नका. त्याऐवजी सेरा दु कुमे या डोंगरावर गाडी थेट वर जाते, दगडी बांधांनी आखलेली शेकडो कुरणं खाली दिसतात. किल्ल्यात आतलं चालणं बरंच आहे, मार्गदर्शकाला आधी सांगितलंत तर जवळजवळचं दाखवेल. मोंते ब्राझिलवरही टॅक्सी बऱ्याच वरपर्यंत जाते.